एसावाचा वेष

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी दुपारी थोरल्या मावशीनं मला वाचता वाचता अडवलं. असं ती कधी करत नाही. पवित्र शास्त्र वाचायला लागलं की डोईवरचा पदर जरा पुढं ओढायचा, डोळे मिटायचे, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवायचे आणि अध्याय संपला की 'आमेन' म्हणून पाय पसरायचे, ही तिची रीत. एका डोळ्याचं काचबिंदूनं वाटोळं केलंय. दुसऱ्यानं भिंग धरून ठळक टायपातलं तेवढं दिसतं. म्हणून महिन्यातून एकदा मी पुण्याहून एसटीनं नगरला जाते, तिच्या मुलाच्या घरी पत्र्याच्या पडवीत बसते आणि ती सांगेल ते वाचते. त्यांच्या पाळकांनी दोन महिने पवित्र शास्त्रातलं पौलाचं रोमकरांस पत्र लावून धरलं होतं, तेव्हा तिनं नववा अध्याय काढायला लावला. पत्र्यावर पावसाचे चार थेंब टपटपून गेले होते, शेजारी कुणीतरी लसणाची फोडणी दिली होती, आणि मी, खरं सांगायचं तर, परतीच्या गाडीचा विचार करत नुसत्या तोंडानं वाचत होते.

"थांब. काय म्हणलीस?"

मी मागं जाऊन पुन्हा वाचलं. 'मी याकोबावर प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला.'

"वेष," मावशी म्हणाली. "एसावाचा वेष केला."

"नाही गं, द्वेष आहे."

"बघू."

सुनेनं भिंग आणून दिलं. मी मावशीचं बोट धरून त्या अक्षरावर ठेवलं. हा द, त्याच्या पोटात व अडकलाय बघ. द्वे. द्वेष. ती बराच वेळ भिंग खालीवर करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आजवर मी चुकीचंच वाचलं म्हणायचं," आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. अध्याय अर्धाच राहिला. आमेन झालं नाही.

मी तिला दुरुस्त का केलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मावशी शाळेत गेलेली नाही. तिला वाचायला माझ्या आईनं शिकवलं, आणि आई तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी. स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. नेवाशाकडच्या आमच्या आजोळच्या गावी मिशनच्या मिसबाई बैलगाडीतून यायच्या. बोर्डिंगात एका घरातली एकच मुलगी फुकट घेणार, असं त्यांनी सांगितलं आणि दोघी बहिणी देवळाच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. (आमच्याकडे चर्चलाही देऊळच म्हणायचे जुने लोक.) मावशी अकराची, आई आठची. मिसबाईंनी नखं बघितली, दात बघितले, एकपासून वीसपर्यंत आकडे म्हणायला लावले. दोघींनाही दहाच्या पुढं येत नव्हते. आणि मिसबाईंनी आईच्या डोक्यावर हात ठेवला. बस, एवढंच. ना कुणाची परीक्षा, ना कुणाचा गुन्हा. आई पुढं नर्स झाली, पुण्यात नोकरी लागली, मास्तर नवरा मिळाला, मी झाले. मावशी गावात राहिली, शेळ्या राखल्या, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. "तुला का नाही घेतलं गं?" असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. त्यावर ती सहज बोलून गेली होती, "माझ्या कडेवर तुझा मामा होता ना. कडेवर पोर असलेल्या पोरीला कोण नेतंय बोर्डिंगात?" बाळाला त्या दिवशी आजीनं धरलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही.

जाताना आईनं तिला वचन दिलं होतं: मी शिकून येते आणि तुला शिकवते. दोन मे महिने तिनं ते पाळलं. पहिल्या सुट्टीत बाराखडी, दुसऱ्या सुट्टीत साधे शब्द आणि चार-दोन जोडाक्षरं. प्र आधी, कारण प्रभू, प्रार्थना, प्रीती. मंडळीत वाढलेल्या बाईला प्र न येऊन कसं चालेल? मग 'ख्रिस्त', तो अख्खाच चित्रासारखा ओळखायला शिकवला. तिसऱ्या उन्हाळ्याच्या आत मावशीचं लग्न झालं आणि शाळा बुडाली. 'जोडाक्षरं राहिली' ही पुढं आमच्या घरातली म्हणच झाली. स्वेटरची एक बाही विणायची राहिली, पापडाचं पीठ उरलं, कुणाचं लग्न साखरपुड्यावर अडकलं, की आई हसून म्हणायची, "जोडाक्षरं राहिली." ती हसायची खरी, पण ते म्हणताना तिची नजर दुसरीकडेच असायची.

तर अशी ही साक्षर बाई सत्तर वर्षं पवित्र शास्त्र वाचत आली, जोडाक्षरांना वळसे घालत. गंमत अशी की मोठमोठे शब्द तिला विनासायास लागायचे. करार. वचन. वतन. निवड. याकोब, एसाव, इसहाक, रिबका, लेआ, राहेल. हे सगळं कुटुंब जोडाक्षराशिवायचं! आजोबा अब्राहाम तेवढे अडचणीचे. पण द्व तिला आईनं शिकवलाच नव्हता. त्या बिकट अक्षरातला ओळखीचा व तेवढा उचलून ती पुढं गेली, आणि तो शब्द तिथं चपखल बसला. बसणारच. एसावाची गोष्ट आहेच वेषाची. म्हातारा इसहाक डोळ्यांनी अधू झालेला. थोरला एसाव अंगानं केसाळ, रानात शिकारीला गेलेला. आणि धाकटा याकोब आईच्या सांगण्यावरून थोरल्याचे कपडे चढवून, हाता-मानेला करडांची कातडी गुंडाळून आशीर्वाद चोरायला बापापुढं उभा. बाप चाचपतो. आवाज तर याकोबाचा, हात मात्र एसावाचे. मसुराच्या तांबड्या वरणाच्या वाडग्यावर थोरलेपण आधीच गेलेलं होतं, आता आशीर्वादही गेला. आणि एसाव परत येतो तेव्हा जे बोलतो ते ऐकताना मावशी दरवेळी पदर डोळ्यांना लावायची: बाबा, तुमच्यापाशी एकच आशीर्वाद आहे काय?

त्या रात्री पुण्याला पोचल्यावर मी तिला फोन केला. माफी मागायला नाही, कशाची मागणार? म्हटलं, मावशी, तुला इतकी वर्षं काय वाटायचं गं, वेष केला तो कुणी केला?

"कुणी म्हणजे? देवानं. 'मी' म्हणतोय न्हवं तो?"

मग तिनं मला समजावलं, लहान पोराला समजवावं तसं. याकोबानं एसावाचा वेष घेतला आणि बापाला फसवलं. वीस वर्षं मामाकडं पळून राहिला. मग देवानं एसावाचा वेष घेतला आणि याकोबाला धरला. नदीकाठी रातभर कुस्ती न्हाई का झाली? जांघ निखळली त्याची. अंधारात त्याला काय दिसतंय, भाऊ आहे का देव आहे? आणि उजाडल्यावर खरा एसाव समोर आला तेव्हा याकोबच म्हणतो, तुझं तोंड बघितलं म्हणजे देवाचं तोंड बघितल्यागत झालं. "मग? वेषच न्हवं तो?" एवढं बोलून ती जराशी थांबली. "पर तू म्हणतीस द्वेष, तर द्वेष आसंल. तू शिकलेली."

फोन ठेवला आणि मी उत्पत्तीचे, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या पहिल्याच पुस्तकाचे, ते दोन अध्याय काढून बसले. बत्तीसमध्ये याकोब त्या जागेचं नाव पनीएल ठेवतो, मी देवाला तोंडोतोंड पाहिलं म्हणून. तेहेतीसमध्ये, सकाळीच, लंगडत भावासमोर जातो आणि तेच तोंडाचं वाक्य उच्चारतो. मी हे दोन्ही अध्याय किती वेळा वाचले असतील, संडे स्कूलला शिकवलेही आहेत, पण दोन तोंडांमधलं अंतर एका रात्रीचं आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ज्यू पंडितांमध्ये तर जुनी समजूतच आहे की नदीकाठचा तो माणूस म्हणजे एसावाचा राखणदार देवदूत. मावशीनं कुठला ज्यू पंडित ऐकायला? तिला एक जोडाक्षर येत नव्हतं, एवढंच तिचं भांडवल.

आता कुणी म्हणेल, चूक ती चूक. मलाही तसंच वाटतं, आणि तिथंच माझी पंचाईत होते. डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला फसवण्यावरून तर ही सगळी गोष्ट. मी 'हो गं, वेषच आहे' म्हणाले असते, तर मावशी इसहाक आणि मी याकोब झाले असते; आवाज प्रेमाचा आणि हात लबाडाचे. नाही म्हणाले, तर एका बाईनं सत्तर वर्षं जपलेला देव तिच्या हातून काढून घेऊन त्या जागी एसावाचा द्वेष करणारा देव ठेवला. तोही कुणी? तर धाकटीच्या मुलीनं.

पुढचे काही दिवस मी या एका ओळीच्या मागं लागले. आमच्या पुण्याच्या मंडळीतल्या तरुण पाळकांना विचारलं. भला मुलगा आहे. म्हणाला, काकू, हिब्रूत 'द्वेष' म्हणजे 'कमी प्रीती' असाही अर्थ होतो, शिवाय पौल हे मलाखी संदेष्ट्यातून घेतोय आणि तिथं एसाव म्हणजे एक माणूस नसून त्याच्या वंशाचं अदोम हे राष्ट्र आहे. बरोबर असेल. पण 'कमी प्रीती' ही काय समजूत झाली? ज्याच्या पानात कमी पडतं त्याला विचारा. त्यानं सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनात रुतली. याकोबाच्या दोन बायकांपैकी लेआ नवऱ्याला नावडती होती आणि देवानं ते पाहिलं, असं उत्पत्तीत येतं. तिथं लेआसाठी जो हिब्रू धातू वापरलाय, तोच मलाखीत एसावासाठी आहे. नावडती! हा शब्द ऐकला आणि मला श्रावणातली कहाणी आठवली, शेजारच्या काकूंच्या ओटीवर बसून ऐकलेली. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. त्या कहाणीत जशी शेवटी नावडतीकडं देवाची नजर वळते, तशी इथंही वळते: राहेल आवडती, पण यहूदा लेआच्या पोटी जन्मतो, आणि यहूदाच्या वंशात दावीद, दाविदाच्या वंशात येशू. नियमशास्त्रात तर कलमच आहे की दोन बायका असल्या आणि थोरला मुलगा नावडतीचा असला, तरी त्याचा दुप्पट वाटा आवडतीच्या मुलाला द्यायचा नाही. म्हणजे देव स्वतः एकीकडे धाकट्यांना उचलत चाललाय, इसहाक, याकोब, योसेफ, एफ्राईम, मेंढरांमागं विसरून राहिलेला दावीद. आणि दुसरीकडे माणसांना बजावतोय, खबरदार, थोरल्याचा हक्क मारायचा नाही. मला यात विसंगती दिसायची. हल्ली वाटतं, निवडीचा अधिकार माणसांच्या हाती गेला की काय होतं हे त्याला पुरतं ठाऊक असावं.

निवड या शब्दाचंही असंच. आम्ही ख्रिस्ती लोक प्रार्थनेत 'निवडलेले लोक' किती सहज म्हणून जातो. एकदा मावशी ताटात तांदूळ निवडत बसली होती, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. मी बघत होते. तिची बोटं तांदळावरून नुसती फिरायची, थांबायची ती खड्यापाशी, आणि निवडलेला खडा जायचा उंबऱ्याबाहेर. मेथी निवडताना मात्र हातातलं ठेवायचं आणि काडी टाकायची. एकच क्रियापद. इस्राएलालाही कधी कधी हे असंच वाटलं असणार. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव त्यांना म्हणतो की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांमधून मी तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांबद्दल तुम्हालाच शिक्षा करीन. निवडीचं असलं बक्षीस!

याच विषयावर युरोपात चारशे-साडेचारशे वर्षं लोक एकमेकांशी भांडलेत. धर्मसुधारक कॅल्व्हिननं तर, काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी नेमणारा हा ठराव भयंकर आहे हे मी कबूल करतो, असं स्वतःच लिहून ठेवलंय. कबूल केलं, पण ठराव मागं घेतला नाही. नगरात 1831 पासून ठाण मांडलेलं अमेरिकन मिशन याच घराण्यातलं. पण आमच्या पणजोबांच्या डोक्यात त्यातलं किती शिरलं असेल, देव जाणे. त्यांच्या कानाला लागला तो वेगळाच शब्द: वतन. पणजोबा महारवाड्यातले. त्यांच्याकडं वतन होतंच की, पिढीजात! मेलेली ढोरं ओढायचं, सरकारी टपाल घेऊन ऊन-पाऊस न बघता या गावाहून त्या गावाला धावायचं, आणि बदल्यात दारोदार भाकरी मागायची. हे वतन म्हणजे गुलामीच आहे म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं, आणि असली वतनं कायद्यानं गेली ती 1958 च्या कायद्यानं. त्याच्या कितीतरी आधी पणजोबांनी मराठी पवित्र शास्त्रात ऐकलं की देवानं अब्राहामाच्या संतानाला देश वतन करून दिला, आणि ख्रिस्तात तुम्हीही वतनदार आहात. आजी सांगायची, त्यांनी उपदेशकाला विचारलं होतं, "साहेब, या वतनात ढोरं ओढायची काय?" लोक हसले म्हणे. मला तो प्रश्न धर्मशास्त्राचा वाटतो. कराराच्या कागदावर काय लिहिलंय हे ज्याला वाचता येत नाही, तो पहिल्यांदा हेच विचारणार. शेवटी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पेत्राच्या पत्रातल्या एका ओळीवर, जी पेत्रानंही होशेय संदेष्ट्याकडून उसनी घेतलेली: जे पूर्वी लोक नव्हते, ते आता देवाचे लोक झालेत. गावकुसाबाहेरच्या माणसाला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. आणि पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात देव इस्राएलाला म्हणतो तेही आमच्या घरी पाठ होतं, की तुम्ही संख्येनं जास्त होता म्हणून मी तुम्हाला निवडलं नाही. तुम्ही तर सगळ्यांत थोडके होता.

पण सगळे थोडके निवडले गेले नाहीत, हे मावशीकडं बघितलं की कळतं. थोडक्यांतूनही पुन्हा एक उचलतात आणि एक ओट्यावर राहते.

करार या शब्दावर मावशीचा लोभ आहे. पुण्यात आम्ही सुरुवातीला भाड्यानं राहायचो, दर अकरा महिन्यांनी भाडेकरार व्हायचा, आणि आई गावी आली की धास्तीनं सांगायची, करार संपत आलाय. मावशीला नवल वाटायचं: करार संपतो? तिच्या डोळ्यांपुढं उत्पत्तीचा पंधरावा अध्याय. त्यात देव अब्रामाला (अब्राहामाचं आधीचं नाव) तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिलू आणायला लावतो. जनावरं मधोमध चिरून समोरासमोर मांडायची. त्या काळी करार व्हायचा तो असा: मोडीन तर माझी गत या जनावरांसारखी होवो, म्हणत त्या तुकड्यांमधून चालायचं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, चौतिसाव्या अध्यायात, हे स्पष्टच येतं. अब्राम दिवसभर मांसावर उतरणारी गिधाडं हाकत बसला, सूर्य मावळता मावळता त्याला गाढ झोप लागली, भयानक काळोख पडला, आणि तुकड्यांमधून गेलं ते काय, तर धुमसती भट्टी आणि जळती मशाल. म्हणजे देव एकटाच गेला. मी पहिल्यांदा हा अध्याय वाचून दाखवला तेव्हा मावशी हसायलाच लागली. "अब्राहाम झोपलेला? मग सही कुणाची झाली? एकाच पार्टीची?" हो, एकाच पार्टीची. म्हणून तर पौल पुढं रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात छातीठोकपणे म्हणू शकतो की देवाची दानं आणि पाचारण यांत बदल होत नाही.

तो अकरावा अध्याय मला आवडतो तो पौलाच्या शेतकीमुळं. पौल तंबू शिवणारा, शहरात वाढलेला. रानटी जैतुनाची फांदी तोडून बागेतल्या चांगल्या जैतुनावर कलम केली, ती फांदी म्हणजे तुम्ही विदेशी लोक, असं तो सांगतो. आमच्या मामानं हे ऐकून कपाळाला हात लावला होता. अहो, रायवळावर हापूस बांधतात, रानबोरीवर चांगल्या बोराचा डोळा भरतात. हापुसावर रायवळ कोण बांधतो? पण पौलालाही हे माहीत असावं, कारण पुढं तोच म्हणतो की हे कलम निसर्गाच्या उलट झालंय. तेच तर त्याला सांगायचं आहे. आणि लगेच दम भरतो: मुळाला तू उचलून धरलेलं नाहीस, मुळानं तुला धरलंय, तेव्हा तोरा नको. हा दम जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी किती कमी ऐकला, त्याचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडं निदान कोकणात तरी, मराठी पवित्र शास्त्र छापून यायच्या कितीतरी आधीपासून, घाणे चालवणारे आणि शब्बाथला घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' सुखानं नांदत होते. आठव्या दिवशी मुलाची सुंता करून अब्राहामाचा करार त्यांनी मुकाट पाळला. त्या बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, 'निवडलेले लोक' हा शब्द दुसऱ्या कुणी सांगायची गरजच पडली नाही.

मावशीचं 'वेष' मात्र डोक्यातून जाईना. तेव्हा पाळक मुलानंच मला एक सांगितलं. स्वित्झर्लंडच्या कार्ल बार्थ या धर्मपंडितानं 1942 मध्ये, बाहेर महायुद्ध पेटलेलं असताना, या निवडीच्या सिद्धान्ताची मांडणीच फिरवली. निवडलेले कोण आणि टाकलेले कोण, अशा दोन याद्या करूच नका, असं त्याचं म्हणणं. निवडलेला एकच, ख्रिस्त, आणि टाकलेलाही तोच, कारण टाकलेल्यांची जागा त्यानं स्वतः घेतली. मी ऐकत होते आणि मला हसू येत होतं. टाकलेल्याची जागा घेतली. म्हणजे मराठीत काय? एसावाचा वेष केला.

अजून एक. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप लांबूनच पोराला पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो, मुके घेतो. आम्ही हे चित्र देवाचं म्हणून कॅलेंडरवर लावतो. पण येशूच्या आधी, उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात, अगदी असंच कुणी केलंय? धावत गेला, मिठी मारली, गळ्यात पडला, मुका घेतला. एसावानं. ज्याचा आशीर्वाद चोरला गेला त्यानं, चोरणाऱ्याला. याकोब भेट म्हणून शेरडं-मेंढरं पुढं करतो, तर हा म्हणतो, भाऊ, माझ्यापाशी पुष्कळ आहे, तुझं तुला राहू दे. येशू दाखला सांगत होता तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानांत ही जुनी गळाभेट वाजली असेलच. आणि अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायात देव इस्राएलाला ताकीद देतो, की एसावाच्या संतानाच्या वाटेला जाऊ नका, सेईर डोंगर मी त्याला वतन दिलाय. ज्याचा द्वेष केला, त्याला वतन. आत्ता, इतक्या वर्षांनी, मला हा माणूस दिसायला लागलाय. नाहीतर आम्ही त्याला वरणावर थोरलेपण विकणारा खादाड म्हणूनच ओळखायचो.

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मावशी नगरहून आली होती. मी पेटीजवळ उभी होते. तिनं चपला दाराशी काढल्या, काठी भिंतीला टेकवली, आणि मध्ये बसलेल्या बायकांना न जुमानता, त्या वयात, जवळजवळ धावत आली. मला नाही, आधी आईला धरलं. तिच्या थंड गालावर गाल ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. काय बोलली ते मी कधी विचारलं नाही. बोर्डिंगचा, बंगलीचा, पेन्शनचा, मे महिन्यांचा हिशेब त्यात होता की नव्हता, कोण जाणे. माझा मावसभाऊ टेम्पो चालवतो. मी बँकेतून निवृत्त झाले. त्याची आई माझ्या आईहून हुशार होती असं आईच म्हणायची.

जुलैत आणि ऑगस्टमध्ये मला नगरला जायला जमलं नाही. जमलं नाही म्हणजे, मी जमवलं नाही. सप्टेंबरात गेले. सलाम झाला, पाणी झालं. मावशी पडवीतच बसली होती, पण आज पुढ्यात भिंग आणि नातवाची दुरेघी वही. मला म्हणाली, बघ. वहीच्या पानावर पेन्सिलीनं, एकेक इंच उंचीचं, वाकडंतिकडं एकच अक्षर पंधरा-वीस वेळा काढलेलं. द्व. सुरुवातीच्या ओळींत द आणि व शेजारी शेजारी नुसते टेकलेले. खाली येता येता व हळूहळू द च्या पोटात सरकलेला.

"द ला व," ती म्हणाली. चेहऱ्यावर शाळकरी पोरीची ऐट. "तुझ्या आईनं शिकवायचं ठेवलं होतं त्ये."

मला काही बोलता येईना. म्हटलं, मावशी, पण तुझं ते वेष... तिनं हात झटकला. "आगं, तिथं द्वेषच आहे. मी बघितलं की नीट." मग उत्पत्तीची पानं उलटायला लागली, एका पानात बसच्या तिकिटाची खूण होती. नातवाला सोबत घेऊन ती हेच अक्षर आणखी कुठं गावतंय का ते बघत होती म्हणे, पार पहिल्या पानापासून. तिनं भिंग टेकवलं, बोट सरकवत सरकवत एका ओळीवर आणलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ह्ये त्येच अक्षर न्हवं?"

बारावा अध्याय. देव अब्रामाला घरदार सोडून निघायला सांगतो तिथलं. 'तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील.' तिचं बोट 'द्वा'वर होतं.

"तेच," मी म्हणाले.

"मग आता पुढं वाच," मावशी म्हणाली, आणि डोईवरचा पदर पुढं ओढून तिनं डोळे मिटले.